आकाशातला चढ

दाताच्या दवाखान्यात एक तरुण गालाला भूल चढायची वाट बघत होता. शेजारी आजी-आजोबा मोबाइलवर झुकले होते.

“अहो, लेकीकडे जाणारं विमान सकाळी दहाला निघतं आणि त्याच दिवशी बाराला उतरतं.”

“तेरा हजार किलोमीटर दोन तासांत?”

“मोबाइल काय खोटं बोलतोय?”

“मग दोन तासांवर राहून चार वर्षांत एकदा येववलं नाही तिला?”

“येतानाचं बघा की! आज दुपारी निघालं, की उद्या दुपारी पोचतं.”

“म्हणजे तिकडून आकाशाला चढ आहे.”

“तरी म्हटलं, पोर तशी मायाळू.”

तरुणाने घड्याळांतला फरक सांगायला तोंड उघडलं, पण जीभ हललीच नाही.

“काढ तिकिटं,” आजोबा म्हणाले. “आपल्याला उतार आहे, तोवर जाऊन येऊ.”