टेबलावरचं नाव

ठाण्यात बसच्या रांगेत त्र्यंबकरावांच्या पुढे दोन मैत्रिणी उभ्या होत्या. क्षिप्रा मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आणि नीरजा लॉला, एवढं त्यांच्या खणखणीत गप्पांवरून अख्ख्या रांगेला कळलं होतं.

"कोर्टात पहिल्यांदा गेलेले ना, तर शिपाई मला मॅडम म्हणाला. तेव्हा वाटलं, झाले मी वकील! तुला कधी वाटलं?"

"परवा. डिसेक्शन हॉलमधून थेट कँटीनला गेले आणि दोन प्लेट मिसळ खाल्ली."

"शी! प्रेत कापून?"

"अगं, पहिल्या दिवशी रडलेले मी, उलटी पण केलेली. आता काहीच वाटत नाही. म्हटलं, बस्स, झाले डॉक्टर!"

"कोण असतं गं ते?"

"आमच्या टेबलावर एक म्हातारा आहे. आम्ही त्याला ढोल्या म्हणतो."

"ढोल्या? अगं, कुणाचे तरी आजोबा असतील!"

"असतील. पण नाव कुठे सांगतात आम्हाला? मग आपणच काहीतरी ठेवायचं."

हातातली पिशवी त्र्यंबकरावांनी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

"बाळ, तुझं कॉलेज इथलंच का?"

"हो आजोबा. का?"

"मी तिथे देहदानासाठी नाव नोंदवलंय."

बस येऊन उभी राहिली, तरी दोघी जागच्या हलल्या नाहीत.

"माझं नाव त्र्यंबक. तुझ्यामागून येणाऱ्या मुलांना तेवढं सांगून ठेव."