दादाचा फोटो फ्लेक्सवर लागणार नाही

माझ्या आयाबहिणींनो, दादाच्या मित्रांनो, आणि त्यानं कबड्डी शिकवलेल्या पोरींनो,

निलंग्याचं आपलं हे समाजमंदिर एवढं भरलेलं मी पहिल्यांदा बघतेय. मी गौतमची धाकटी बहीण, संगीता. मुदखेडला शाळेत शिकवते. रोज वर्गापुढं बोलते. सोमवारी दादाचं हृदय बंद पडलं. तेव्हापासून नुसती रडले. आता रडणार नाही. आता मला राग आलाय, आणि तो तुम्ही ऐकून घ्या.

पहिल्या रांगेत सुधाकर सर बसलेत. लातूरला ज्यांचे क्लासेस आहेत, ते. मघाशी दारातच मला म्हणाले, "गौतमचा फोटो आमच्या फ्लेक्सवर लावू. डोळ्यांवर मात केलेला आमचा खेळाडू." आमचा!

सर, बसा. उठू नका. आधी मी बोलणार.

दादाला लहानपणापासून धुरकट दिसायचं. समोरचा माणूस म्हणजे नुसती सावली. चष्म्यानं काही फरक पडला नाही. पण मैदानात उतरला की लई भारी! चढाईला आलेला गडी काय करतो? खांदा डावीकडं झुकवतो आणि जातो उजवीकडं. बघतो एकाकडं, हात मारतो दुसऱ्याला. डोळस माणूस फसतो. दादा कसा फसणार? त्याला त्यातलं काही दिसायचंच नाही. तो ऐकायचा. चढाई करणाऱ्याला कबड्डी कबड्डी म्हणावंच लागतं. तोंड बंद केलं की पंच बाद देतो.

"संगे, गडी आपल्याच तोंडानं सांगत येतो ना, मी कुठं हाय ते," दादा म्हणायचा. "दम सरत आला की आवाज बारीक हुतो. आता ह्यो मागं वळणार, हे मला कळतंय. मग घोटा धरायचा."

घोटा धरला की सुटका न्हाई. सुधाकर सर, तुम्ही आपल्या संघाचे कप्तान होता. सरावात तुम्ही त्याच्यासमोर किती वेळा तोंडावर आपटलात? तेच मनात राहिलं ना?

जिल्ह्याच्या संघाची निवड होती. दादाचं नाव जवळजवळ पक्कं होतं. तुम्ही निवड करणाऱ्यांपुढं गेलात. "ह्याला दिसत नाही," म्हणालात. तेवढ्यावर थांबला नाहीत. सगळ्यांसमोर त्याच्यापुढं हात नाचवलात. "गौत्या, सांग, किती बोटं?" दादा चुकला. माणसं हसली. मी तिथं कडेला उभी होते, सर. फ्रॉकातली पोर. ते हसणं मी अजून ऐकून राहिले. दादाच्या जागी कोण गेलं? तुमचा मावसभाऊ गेला. आणि दादा बसस्टँडवरच्या एसटीडी बूथमध्ये जाऊन बसला.

मग भूकंप झाला. त्या पहाटे आपली गल्ली कशी होती, आठवा. दगडमातीची घरं बसलेली. धुरळ्यात कुणाला काही दिसेना. डोळस माणसं वेडीपिशी होऊन पळत होती, नको तिथं माती उपसत होती. दादाला त्यात नवीन काय होतं? तो रोजच तसा जगायचा. तो ओरडला, "गप ऱ्हावा सगळे! कुणीतरी कण्हतंय!" गुडघ्यांवर सरकत गेला. मातीला कान लावला. "हितं. हितंच उकरा."

कोण निघालं तिथून? आक्का निघाल्या. सुधाकर सरांची आई. त्या समोर बायकांत बसल्यात.

सर, तुम्ही तेव्हा लातूरला होता. आक्कांनी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. तरी पुढं सत्काराच्या सभेत तुम्ही म्हणालात, आईला जवानांनी बाहेर काढलं. दादाचं नाव घ्यायला जीभ जड झाली?

दादा नुसता हसला. "जाऊ दे संगे, आक्का जिती हाय ना?" दादानं माफ केलं. मी केलं नाही. मी करणारही नाही. लोक म्हणतील, भावाच्या शोकसभेत बाई कशी बोलून राहिली. हाव, बोलून राहिले! तो कुणाला उलटून बोलला नाही, म्हणून मी बोलतेय.

आणि मात कसली केली हो त्यानं डोळ्यांवर? त्या डोळ्यांमुळंच तो तसा खेळला. ह्या पोरींना त्यानं ओढणी डोळ्यांवर बांधून शिकवलं. ह्या पोरी लातूरच्या संघांना धूळ चारून आल्या. तेव्हा तुमचा फ्लेक्स कुठं होता? तुमच्या फ्लेक्सवर निकालात नंबर आलेली पोरं बारीक बारीक, आणि तुम्ही सगळ्यांत मोठे. त्यात माझा भाऊ बसणार नाही. त्याचा फोटो लावून बघा. मी भर चौकात येऊन फाडीन. ह्या पोरी माझ्यासोबत असतील. काय गं पोरींनो?

ऐकलंत, सर?

आज तुम्हाला माईकही मिळणार नाही. हे मी एकटीनं ठरवलेलं नाही. सकाळी आक्का काठी टेकत आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "पोरी, माझ्या लेकाला बोलू दिऊ नको. हार बी त्याच्या हातचा नको. मी घालते."

सगळ्यांनी उभं राहावं. आक्का हार घालतील, मग आपण दोन मिनिटं शांत राहू. दादा, तुला माझा शेवटचा जय भीम.

सर, जरा बाजूला व्हा. तुमच्या आईला वाट द्या.