पाच व्होल्टचा दिवा

—नाही रे ऑस्टिन, तुझ्या पप्पांचा जुना कॉम्प्युटर दुरुस्त झालाय, झकास झालाय, फक्त त्याचा पॉवर सप्लायचा डबा आत्ता देता येणार नाही. का म्हणजे काय — तिकडे बघ ना, देवापुढे. चप्पल काढ आधी! घट बसलेत आमच्याकडे. तो घटासमोर पेटलाय ना रिक्षाचा बल्ब, आणि मागे झेंडूत जे घुरघुरतंय, तोच तुझा डबा. अरे, मुद्दाम नाही ठेवला! हा रिकामा चालवला की पाच व्होल्ट धड देतच नाही — मीटरवर कधी सहा दाखवतो, कधी पंखा एकदा गरकन फिरून बंद. मी वेड्यासारखे कपॅसिटर बदलत बसलो, मग कळलं, ह्याच्यातून वीज ओढायला काहीतरी पाहिजे. म्हणून बल्ब लावला. बारा व्होल्टचा बल्ब पाचावर, म्हणून असा मंद, समईसारखा. मीटर एकदम स्थिर! पण ह्याच्या पंख्याच्या वाऱ्याने आईचा अखंड दिवा विझला — घट बसले त्याच दिवशी! वाट लागली माझी. आईने माझ्याकडे बघितलं, बल्बकडे बघितलं, म्हणाली, “ह्यो वाऱ्यान इजाचो नाय, ह्योच ऱ्हवांदे.” आणि चालू डबा वायरसकट सरकवला देवापुढे. आता दसऱ्यापर्यंत बटण बंद करायचं नाही.

हो रे, रविवारची हाउजी, पप्पा नंबर त्या कॉम्प्युटरवरच काढतात, ठाऊक आहे. एक रविवार चिठ्ठ्या काढा ना! काय? स्कूटरची बॅटरी? हो, पेटेल की बल्ब — न विझवता वायर बदलता येईल, आईही काही बोलणार नाही — पण मग मीटर कशाला लागेल? आणि मीटर नसला तर मानसी काय विचारणार? मानसी म्हणजे — वरच्या मजल्यावरची. रोज आरतीला येते, हात जोडते, मग मला विचारते, “आज किती?” मी म्हणतो, “पाच पॉइंट शून्य एक.” ती म्हणते, “छान.” बस. दुसरं काय बोलायचं मला सुचतच नाही. काल शून्य दोन झालं तर म्हणाली, “अय्या, वाढलं की!” आपोआप कसं वाढेल, आत एक स्क्रू असतो, तो जरासा फिरवला की — नाही, काही नाही. हसतोस काय? चालू डब्यात हात घालतो मी, शॉक बसतो यार! तिला सांगू नकोस, तुला तुमच्या मोतमाउलीची शपथ.

दसऱ्याला ये, घेऊन जा. आता नीघ ना, आरतीची वेळ झाली. — आणि दार ओढू नकोस. उघडंच राहू दे.