चालू पाहुणा

नाही हो मॅडम, ताई अंघोळ करत नाहीये. हे मी तुम्हाला सांगायचं नव्हतं, आईने कामावर जाताना दारातच डोळे मोठे करून बजावलंय — पण तुम्ही तिसऱ्यांदा घड्याळ बघितलंत, आणि खोटं बोलले की माझे कान लाल होतात, आत्तासुद्धा झाले असतील. पाऊण तास कोण अंघोळ करतं? ताई आत कॉम्प्युटरसमोर बसलीये, पहाटेपासून, केससुद्धा विंचरलेले नाहीत. काल सगळं चालत होतं — खरंच चालत होतं — आज तिने सर्व्हरची नवी आवृत्ती बसवली आणि तिचं मॉड्यूल त्यावर चढेना. म्हणजे सर्व्हर सुरू होतो, मॉड्यूलपाशी येतो आणि धाडकन बंद. ते होईल नीट. वीस मिनिटं म्हणालीये. ताईची वीस मिनिटं म्हणजे — असू दे, पण होईल.

तुम्ही लॅबसाठी ताईचं काम बघायला आलात, पण ती नक्की काय करते, हे तुम्हाला तिथे कुणी सांगितलंय का? नाही ना? आमच्या आईलाही दोन वर्षांत कळलेलं नाही. म्हणते, घरच्यांना दोन घास वाढायला हिला वेळ नाही, आणि सर्व्हरला मात्र तासन् तास भरवत बसते. सर्व्हर म्हणजे — तुमच्या लॅबचा रिपोर्ट कुणी फोनवर उघडला की ते पान काढून हातात देणारा. हे सर्व्हर वेगवेगळ्या जातीचे असतात. आणि अशी पानं तयार करायला ताईने स्वतःची एक छोटी भाषा बनवलीये. मग प्रत्येक सर्व्हरसाठी भाषा पुन्हा पहिल्यापासून लिहायची का? नाही. भाषेचा गाभा एकच, आणि ज्या त्या सर्व्हरला जोडायला एक पातळसा सांधा — तेच मॉड्यूल. मी असं समजते की स्वयंपाकीण एकच आणि घरं दोन. ओटा वेगळा, डब्यांची जागा वेगळी, पण हात तोच, चव तीच. ताई म्हणाली, घुमे, हे मला सुचायला हवं होतं. घुमी म्हणजे मी. मी कुणाशी फारशी बोलत नाही म्हणून.

त्या गाभ्यात एक जागा आहे, आत्ता पान मागतोय तो माणूस कोण, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. ताईने तिला नाव दिलं, 'चालू पाहुणा'. आईने ऐकलं आणि म्हणाली, "चालू? मग चपला आत घेऊन ठेव गं!" — आम्ही इतक्या हसलो की ताईला उचकी लागली. पण आता मला त्या नावाचं हसू येत नाही. कारण बघा, पहिल्या जातीच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक पाहुण्याला स्वतंत्र खोली मिळते, दारावर त्याच्या नावाची पाटी. आणि दुसऱ्या जातीच्यात सगळे एकाच दिवाणखान्यात बसतात — आणि पाटी तरीही एकच. मागून आलेल्याने आपलं नाव लिहिलं की आधीच्याचं पुसलं. म्हणजे पुसलं जात असणार — असं मला — नाही, काही नाही. पाणी देऊ अजून?

तुमच्याकडे कोणत्या जातीचा आहे? दुसऱ्या. हो, मला माहीत होतं. उगाच विचारलं, मध्ये बदलला असला तर.

ती वही तुम्हाला ताईने पाठवली ना, फोटो काढून? ताईच्या भाषेच्या तपासण्यांची? एकोणचाळीस ओळी, प्रत्येकीपुढे दोन चौकोन, एकेका सर्व्हरचा. त्यातलं अक्षर माझं आहे. शाळेतून आले की एकेक ओळ तपासायची आणि खूण करायची, हे माझं काम. सदतिसावी ओळ आहे — दोन माणसं, दोन फोन, एकाच क्षणी. पहिल्या सर्व्हरला मी केली, अगदी मनापासून, वीस वेळा. दुसऱ्याच्या वेळी आईचा फोन दुरुस्तीला होता. ताई म्हणाली, शेजारच्या काकांचा आण, मी बोललेय त्यांच्याशी. मी गेले. बेलवर बोटसुद्धा ठेवलं. आत पाहुणे आले होते, सगळे मोठमोठ्याने हसत होते — आणि मी तशीच परत आले. त्यात काय एवढं, गाभा तर तोच आहे, पहिल्यात बरोबर तर दुसऱ्यातही बरोबर, नाही का? चौकोनात खूण केली. छान केली. सगळ्यांत नीट तीच आहे, बघा.

आणि काल संध्याकाळी आईने आणि मी गंमत म्हणून त्या दुसऱ्या सर्व्हरवर दोन फोनवरून एकदम आपापलं नाव टाकलं, तर आईच्या फोनवर माझं नाव आलं. आई म्हणाली, अगंबाई, माझंच काहीतरी चुकलं असेल. मी मुद्दाम पुन्हा केलं. सहा वेळा. चार वेळा बरोबर, दोन वेळा — तुमच्याकडे तर रक्ताचे रिपोर्ट असतात. कुणाचं काय निघालेलं, आणि ते भलत्याच माणसाने वाचलं तर —

नका ना असं बघू. ताईला माहीतच नाही. तिला वाटतंय, मॉड्यूल चढत नाही एवढीच अडचण आहे. काल रात्री तिला सांगणार होते, तर ती ड्रेसला इस्त्री करत होती, आणि म्हणाली, घुमे, स्वतःपेक्षा तुझ्या वहीवर माझा जास्त भरवसा आहे. मग कसं सांगायचं? तुम्हाला सांगता येतंय, कारण तुम्ही माझ्या कुणीच नाही — म्हणजे, तसं नव्हतं म्हणायचं मला.

ऐकलंत? "चढलं! घुमे, चढलं! मॅडमना आत आण!" — आले गं! — आता ती तुम्हाला एका फोनवर दाखवेल आणि ते अगदी सुरेख चालेल. तुम्ही तेव्हा आपला फोन काढा आणि त्याच क्षणी — नाही. तुम्ही नका काढू. बसा, प्लीज, आत येऊ नका अजून, आधी मी जाते. — हो ताई, आणते, पण त्याआधी वही उघड ना, सदतिसावी ओळ, तिथे मी —