कप्तानाचा आवाज

धुळा : न्हाय भाई, ह्यो आपला कप्तान न्हवं. कळपात दुसऱ्याचं मेंढरू घुसलं की मला अंधारात बी कळतंय.

राजेसाब : तोच आहे रे धुळा. तोंड बघ की. केस तेवढे पांढरे झालेत.

धुळा : तोंड तेच हाय, बोलणं बिघडलंय. यानाला आग लागलीया अन् हा म्हणतोय, 'ऊर्जाकवच त्वरित कार्यान्वित करा.' तवर कोळसा व्हईल की सगळ्यांचा!

राजेसाब : नवा सीझन आहे. लिहिणारे बदलले असतील.

रुक्साना : लिहिणारे बदलले म्हणे! चहा घ्या धुळाभाऊ. आमच्या इफ्रानं कालच टीव्हीत मराठी आवाज लावून दिला. ती म्हणाली, अंतराळयानाची ही मालिका बघायला बिचारे दर रविवारी सांगोल्याहून येतात, आणि आपल्याकडं बोलणं सगळं इंग्रजी.

धुळा : पोरीचं भलं होवो भाभी. पण हे मराठी ऐकून इंग्रजीच बरं हुतं म्हणायची पाळी आली.

रुक्साना : तुम्हाला इंग्रजी कळत होतं?

धुळा : मला कुटलं? कप्तान बोलला की भाई मराठीत सांगायचं. मोठ्या साहेबाच्या बंगल्यात गाद्या भरल्यात त्यांनी. तितंच शिकलं म्हणं इंग्रजी.

रुक्साना : बंगल्यात? दोन दिवस गेले होते. त्यातला एक दिवस कापूस भिजला म्हणून नुसते बसून होते.

राजेसाब : रुक्साना, दूध उतू जातंय बघ.

रुक्साना : दूध फ्रिजमध्ये आहे.

धुळा : अन् त्यो मोठ्या कानाचा मिस्त्री. आपला गुरुसिद्धप्पा! त्याला आता झॉर्बन म्हणाय लागलेत.

राजेसाब : ते... आडनाव असेल त्याचं.

रुक्साना : गुरुसिद्धप्पा झॉर्बन. अक्कलकोटकडचे असतील.

धुळा : हसू नका भाभी. लई गुणी माणूस. इंजन बंद पडलं की आदी त्याच्यावर हात फिरवायचा, 'दमलास व्हय बाबा?' म्हणून इचारायचा, मंग पाना लावायचा. आज नुसतं बटन दाबतोय, मुकाट्यानं.

राजेसाब : काळ बदलतो रे. यानातसुद्धा.

धुळा : टँकर बी यीना झालता ते साल आठवतंय का भाई? आख्खा कळप विकाय काढला हुता मी. त्या रविवारी हितं आलो, तर यानातलं बी पाणी सपलेलं. लोकं म्हणाली, म्हातारी-आजारी माणसं खाली त्या उजाड ग्रहावर सोडू, वजन कमी व्हईल. तवा कप्तान उठला. काय म्हणाला, भाई?

राजेसाब : आता कुठलं आठवतंय.

धुळा : मला आठवतंय की. म्हणाला, 'निघताना जेवढे होतो, तेवढ्यांनीच उतरायचं. एक जरी कमी झाला, तर पोचलो असं कुठल्या तोंडानं सांगू?' घरी जाऊन बायकूला, केराबाईला, तसंच्या तसं सांगितलं. मेंढरं ठिवली. आज दारात हाय ती समदी त्येंचीच पैदास.

रुक्साना : हे कप्तान म्हणाला?

धुळा : व्हय.

रुक्साना : इंग्रजीत?

राजेसाब : चहा गार होतोय दोघांचा.

धुळा : अन् आज तोच कप्तान म्हणतोय, 'मागे राहिलेल्यांची जबाबदारी आपली नाही.' ही शिवी हाय भाई. पुढच्या रविवारपास्नं मी काय येत न्हाय.

राजेसाब : येत नाही म्हणजे? टीव्ही नको तर नको. नुसता येऊन बस.

धुळा : नुसतं बसून काय करू? दोघांनी कापसाकडं बघायचं?

राजेसाब : अरे, ही दारातली गादी मी कधी विकली नाही. गिऱ्हाईक डबल दाम द्यायला तयार होतं, तरी नाही. रविवारी तू टेकतोस म्हणून.

रुक्साना : गादीचं नका सांगू. खरं ते बोला की आता.

राजेसाब : धुळा... त्याचं काय आहे... ते इंग्रजी...

धुळा : ऱ्हाऊ द्या भाई. काय बी सांगू नका. तुमाला ठसका लागला की कप्तान बी अडायचा. तुमचं रोजे चालू झालं की यानातली समदी दिवसभर खाण्याचंच बोलायची. अन् चंद्राच्या पल्याड मोहोळ गावासारखा बाजार भरतो, हे काय इंग्रजीत असंल व्हय?

रुक्साना : या अल्ला! म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

धुळा : पैल्या सालापास्नं.

राजेसाब : मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?

धुळा : बोललो असतो तर कप्तान गप झाला असता की.

रुक्साना : मी सांगू? पडद्यामागं बसून मी भाजी निवडायचे. भाजी संपली तरी उठायचे नाही.

राजेसाब : तूसुद्धा?

रुक्साना : आणि काय! गुरुसिद्धप्पाचं लग्न तेवढं राहिलंय तुमचं लावायचं.

धुळा : भाभी, ह्या डबड्याचा आवाज कुटं बंद होतो?

रुक्साना : हे बटण. घ्या, झाला मुका.

धुळा : हां! आता बघा, तोच दिसाय लागला का न्हाय? आग वाढलीया भाई, लवकर. गुरुसिद्धप्पा हात हलवतोय. काय म्हणतोय?

राजेसाब : (घसा खाकरून) म्हणतोय... 'कप्तानसाहेब, दार लावायच्या आधी एकदा हाक मारून बघा. मागं कुणी राहिलंय का?'