घरात इंग्रजीच बोला

नेपियर टाउनमधल्या दातांच्या दवाखान्यात शैलजा मासिक उघडून बसली होती. कान मात्र शेजारच्या बाकावरच्या दोघींकडे होते.

"सुखदा, शाळेनं सांगितलं घरात इंग्रजीच बोला, तर तुम्ही खरंच बोलून राहिले?"

"हो ना दीदी. महिना झाला."

"मग? विपुल शिकला?"

"तो कायचा शिकते! पण सासूबाई गप्प झाल्या."

"काहून?"

"नातवाचं नुकसान नको म्हणून नियम पाळतात, अन् टोमणे मारण्याइतकं इंग्रजी येत नाही न त्यांना. परवा भाजी खारट झाली, तर बराच वेळ माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाल्या, 'सॉल्ट... गुड.'"

"अगं, पण आता नवीन पद्धत आली न. घरात मातृभाषाच बोला म्हणे. कालच चिठ्ठी दिली शाळेनं, तुला नाही भेटली?"

"भेटली न. तांदळाच्या डब्यात आहे, अगदी तळाशी."

शैलजानं मासिक मिटलं.

"ताई, कोणती शाळा हो ही? ॲडमिशन चालू आहे?"

"आहे जी. किती वर्षांचं लेकरू आहे?"

"लेकरू कॉलेजात गेलं. सासूबाई आहेत, ब्याऐंशीच्या."