अठ्ठावीस वर्षांचा गॅप

...नाय, मी काय म्हणते, मी समोर बसलेली दिसत नाय का ह्या माणसाला? शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला शेंद्र्यातल्या मुनीरभाईच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले, तर मला म्हणतो, "मौसी, स्टुडंट कू लेको आव, उसका अंगूठा होना!" म्हणलं, आरं बाबा, स्टुडंट मीच हाय! मी, आवडाबाई, वय शेहेचाळीस, बीएचं पहिलं वर्ष! तर त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं... मागं कुणी उभं हाय का म्हणून!

आता तुम्हाला सांगते, हे कशापायी? तर जुलैमधी शहरातल्या कॉलेजात नाव घातलं. आमचे मालक आप्पासाहेब, कंपनीत गेटवर असतात, ते म्हणले, "शिक की, मी कुठं नाय म्हणतो? पण फी सरकारकडून आण." बरं! कॉलेजात पाटी लावलेली, 'फॉर्म सुरू होताच भरा, शेवटच्या तारखेची वाट पाहू नका.' मी कशाला वाट बघते? उत्पन्नाचा दाखला काढला, रहिवासी काढला, बँकेचं खातं आधारला जोडलं. तीन आठवडे नुसती रांगंत! मला वाटलं, झालं, जिंकले. आन् मुनीरभाईचं बोट बटनावर थांबलं.

"मौसी, बारावी कब हुई?"

"शहाण्णवला."

"उन्नीस सौ?"

"मग काय अठराशे?"

"फिर तो गॅप है. अठ्ठाईस साल का गॅप. कारण लिखना पडता."

गॅप म्हणं गॅप! आवो, गॅप म्हंजी मधली मोकळी जागा ना? मग अठ्ठावीस वर्षं मी काय मोकळी बसले व्हते? म्हणलं, लिव्ह बाबा कारण. शहाण्णवच्या मे महिन्यात लग्न, बारावीचा निकाल लागला तव्हा मी ह्या घरात भाकरी थापत व्हते. मालकाला म्हणलं, मला कॉलेजात जायचंय. ते म्हणले, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी पोरगा झाला. मग पुढच्या वर्षी पोरगी. मग कापूस, मग म्हशी, मग सासूबाईला लकवा, सहा वर्षं त्यांचं खाणंपिणं, अंघोळ, मग पोरांच्या परीक्षा, मग पोरीचं बाळंतपण... मुनीरभाई म्हणतो, "बस्स, मौसी, बस्स! पचास अक्षर में बिठाना है!" पन्नास अक्षरात! नुसत्या म्हशीच मावायच्या न्हाईत त्यात! त्यानं आपल्या मनानं टाकलं, 'घरगुती कारण'.

आठ दिवसात फॉर्म परत! 'कारण स्पष्ट करा.'

गेले कॉलेजात. तिथं कडूबा भाऊसाहेब, शिष्यवृत्तीची खिडकी त्यांच्याकडं. माणूस वाईट नाय हो, पण बोलणं असं की जसं प्रत्येक शब्दाला शिक्का मारतोय. "बाई... आजारी होता का?" म्हणलं, आजारी पडायला सवड कुणाला व्हती? "मग... नोकरी?" म्हणलं, व्हय! पहाटं पाचपासून. "पगार?" नाय. "मग ती नोकरी नाही." मग काय हाय ते? तुमच्याकडं शब्द असंल तर द्या की! तर डोकं खाजवून म्हणले, "लग्न लिहू?"

लग्न! अडीच अक्षरं! आन् लगेच मशीननं घेतलं बघा. अठ्ठावीस वर्षं गॅप म्हणं गॅप, आन् अडीच अक्षरात बुजला!

मी उठले. भाऊसाहेब म्हणले, "बसा. लग्न झाल्याचा पुरावा जोडा. परवा शेवटची तारीख आहे."

आता आमच्या लग्नाचा कागद कुठून आणू? शहाण्णवला आमच्यात लग्न मांडवात लागायचं, कागदावर नाय. भटजी वारले. पत्रिका उंदरानं खाल्ली. ग्रामपंचायतीत गेले, तर ग्रामसेवक म्हणतो, "आता नोंदणी करू. नवरा-नवरीचा फोटो, आन् तीन साक्षीदार." मालक नुकते ड्युटीवरून आलेले, तसेच खाकी कपड्यात उभे केले. माझी नणंद द्वारकाबाई हसून हसून भिंतीला टेकलेली. चुलतदीर कारभारी आले ते सोबत पेढे घेऊनच आले, कुणाचं लग्न हाय हे न विचारता! आन् तिसऱ्या साक्षीला सासूबाई, सारजाबाई, लकव्यातून उठल्यापासून काठी टेकत चालतात त्या. अंगठ्याला शाई लावली, आन् कागदावर ठेवायच्या आधी मला म्हणल्या, "आवडे, तव्हा लग्नापायी शाळा सोडली, आता शाळंपायी लग्न लावतीस व्हय?" आन् स्वतःच हसल्या. मग शाईचा अंगठा तसाच धरून म्हणल्या, "तव्हा म्याच नको म्हणले व्हते. आप्पा विचारायला आला व्हता मला, तुला कॉलेजात घालू का म्हणून."

आता बघा, हे मला अठ्ठावीस वर्षं ठाऊक नाय! मी मालकाकडं बघितलं. ते छताच्या पंख्याकडं बघायला लागले. पंखा बंद व्हता. मग हळूच म्हणले, "विचारलं व्हतं एकदा. पुन्हा नाय विचारलं. माझंच चुकलं." शेवटची तारीख उद्यावर! रडायचं असंल तर फॉर्म भरल्यावर रडावं म्हणलं, आन् सासूबाईचा अंगठा धरून मीच कागदावर टेकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फॉर्म गेला. मुनीरभाईनं बटन मला दाबायला लावलं, "मौसी, स्टुडंट तुम हो ना? दबाव!" दाबलं. आन् दीड महिन्यानं, काय सांगू तुम्हाला, मंजूर! मोबाईलवर निरोप आला. मालकांनी तो गेटवरच्या समद्या शिफ्टला वाचून दाखवला.

फीचं नक्की झाल्याबिगर वर्गात पाय ठेवायचा नाय असं मी ठरवलं व्हतं, आता ताठ मानेनं वर्गात गेले. म्हणलं, आता नाय खिडकी, आता नाय शिक्का! पहिल्या बाकावर बसले. बाई आल्या, माझ्याकडं बघून म्हणल्या, "तुम्ही आज पहिल्यांदाच दिसताय. सोमवारी परीक्षा आहे. तुमचे विषय कोणते?"

आवो, माझ्या आधारचे बारा आकडे मला पाठ हायेत, उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर पाठ हाय, बँकेचा कोड पाठ हाय... पण विषय?

शेजारी एक पोरगी बसली व्हती, माझ्या पोरीहून लहान. तिच्या कानाला लागले आन् हळूच विचारलं, "बाळा, आपण काय शिकतोय गं?"